विश्लेषण : ‘झपाटलेली’ म्हणून विकली गेलेली पेटी नेमकी होती तरी काय? ‘डिब्बुक बॉक्स’चे गूढ कसे तयार झाले, कसे उलगडले?

जून २००३. ‘ई-बे’ या ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळावर अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरातून एक जुनी लाकडी पेटी विक्रीला आली. पेटीत भूत आहे, असे विक्रेत्यानेच जाहिरातीत लिहिले होते. एरवी वस्तूतला दोष लपवून ती विकली जाते. इथे दोष हीच जाहिरात होती. पुढच्या वीस वर्षांत या पेटीवर पुस्तक आले, हॉलिवूडचा चित्रपट आला, मल्याळम आणि हिंदी सिनेमानेही तिची कल्पना उचलली. आज ती लास वेगासच्या एका संग्रहालयात आहे आणि तिकीट काढून लोक ती बघायला जातात. मधल्या काळात तिचे सगळे गूढ उकलले आहे. तरी गर्दी कमी झालेली नाही.

पेटीची मूळ गोष्ट काय होती?

विक्रेत्याचे नाव केविन मॅनिस. जुन्या फर्निचरची डागडुजी करून विकण्याचा त्याचा छोटा व्यवसाय होता आणि त्याला लेखनाचीही आवड होती. २००१ मध्ये १०३ वर्षांच्या एका ज्यू वृद्धेच्या निधनानंतर तिच्या घरातल्या सामानाची विक्री झाली, तिथे ही पेटी घेतली, असे त्याने जाहिरातीत लिहिले. ही वृद्धा मूळची पोलंडची. नाझी छळछावणीत तिचे आईवडील, भावंडे, नवरा, मुले सगळे मारले गेले. ती एकटी वाचली, स्पेनला पळाली आणि तिथून अमेरिकेला येताना तिच्याबरोबर होते तीनच डाग : एक ट्रंक, एक शिवणाचा डबा आणि ही पेटी. पेटी कायम शिवणाच्या खोलीत, कोणाचा हात पोहोचणार नाही अशा जागी असे. ती उघडायची नाही, अशी आजीची ताकीद होती. मॅनिसने पेटी परत देऊ केली, तेव्हा नात घाबरली आणि तिने ती घ्यायला नकार दिला. अशी ही कथा.

मॅनिसने पेटी उघडली. आत काय निघाले? १९२० च्या दशकातली एक-एक सेंटची दोन नाणी, दोऱ्याने बांधलेल्या केसांच्या दोन बटा (एक सोनेरी, एक काळी), ‘शालोम’ हा हिब्रू शब्द कोरलेली छोटी मूर्ती, मद्याचा लहानसा पेला, सुकलेली गुलाबकळी आणि ऑक्टोपससारख्या पायांचे मेणबत्तीचे स्टँड. मग दुकानातले दिवे फुटले, पेटी आईला वाढदिवसाला भेट दिली त्याच दिवशी तिला पक्षाघाताचा झटका आला, ज्याच्या घरी पेटी गेली त्याला एकाच म्हातारीची स्वप्ने पडू लागली, घरात कधी मोगऱ्यासारखा तर कधी मांजराच्या मुताचा वास येऊ लागला, असा सगळा तपशील जाहिरातीत होता.

बारकाईने पाहिले तर ही जाहिरात नव्हे, कथा आहे. आणि चांगली जमलेली कथा आहे. पेटी १४० डॉलरला गेली (तेव्हाच्या दराने साधारण साडेसहा हजार रुपये). घेणारा मिसुरी राज्यातला एक विद्यार्थी होता. त्यालाही अनुभव येऊ लागले आणि आठ महिन्यांत त्यानेही ती ‘ई-बे’वरच विकायला काढली. या वेळी भाव मिळाला २८० डॉलर, म्हणजे नेमका दुप्पट.

हा तिसरा मालक जेसन हॅक्सटन. मिसुरीतल्या कर्क्सव्हिल गावातल्या वैद्यकीय संग्रहालयाचे संचालक. जुन्या वस्तू जपणे हाच ज्याचा पेशा, त्यालाच पेटीने धरले, असे त्याच्या सांगण्यावरून दिसते. अंगावर गांधी उठल्या, खोकल्यातून रक्त पडले, घरात काळ्या सावल्या दिसल्या, असे त्याचे म्हणणे. त्याने ज्यू धर्मगुरूंचा सल्ला घेतला, पेटीसाठी आतून सोन्याचा पत्रा लावलेला लाकडी संदूक करवून घेतला आणि काही काळ ती पुरूनही ठेवली. २०११ मध्ये त्याचे ‘द डिब्बुक बॉक्स’ हे पुस्तक आले. पुढच्याच वर्षी सॅम रायमी निर्मित ‘द पझेशन’ पडद्यावर आला, तो सत्य घटनेवर आधारित असल्याच्या दाव्यासह.

‘डिब्बुक’ म्हणजे काय?

ज्यू लोककथांमध्ये डिब्बुक म्हणजे मृत माणसाचा अतृप्त आत्मा. हिब्रूतल्या ‘चिकटणे’ या अर्थाच्या धातूपासून हा शब्द आला. सोळाव्या शतकापासूनच्या नोंदींमध्ये तो आढळतो. पण हा शब्द जगभर पोहोचला एका नाटकामुळे. एस. अन्स्की यांचे ‘द डिब्बुक’ हे नाटक डिसेंबर १९२० मध्ये वॉर्सात रंगमंचावर आले. त्याच्या महिनाभर आधी अन्स्की यांचे निधन झाले होते. लग्न ठरलेल्या मुलीच्या अंगात तिच्या मृत प्रियकराचा आत्मा शिरतो, असे त्याचे कथानक आहे.

इथेच पहिली गोम आहे. डिब्बुक चिकटतो तो जिवंत माणसाला. त्याला पेटीत कोंडायचे आणि ती पेटी पिढ्यान् पिढ्या सांभाळायची, ही परंपरा ज्यू लोककथांमधली नाही. बाटलीतला जिन आपल्याला अरबी कथांमधून ठाऊक आहे, तसे काहीसे इथे डिब्बुकच्या नावावर खपवले गेले. कोकणातल्या बेने इस्रायली समाजामुळे मराठी माणसाला ज्यू धर्म अगदीच अनोळखी नाही. पण डिब्बुकच्या कथा फुलल्या त्या मुख्यतः पूर्व युरोपातल्या ज्यू वस्त्यांमध्ये.

मग खरे कसे बाहेर आले?

दोन टप्प्यांत. पहिला टप्पा निव्वळ लाकडाचा. अमेरिकी संशोधक केनी बिडल यांनी २०१९ मध्ये ‘स्केप्टिकल इन्क्वायरर’मध्ये या पेटीचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. भूत आहे की नाही, या वादात ते पडलेच नाहीत. त्यांनी पेटीची छायाचित्रे घेऊन साधा प्रश्न विचारला : ही वस्तू कोणी, कुठे, कशासाठी बनवली? उत्तर निघाले ‘मिनी बार’. दार उघडले की खालचा खण आपोआप पुढे सरकतो अशी यंत्रणा, आत बाटली आणि पेले अडकवायची सोय. विसाव्या शतकाच्या मध्यावर न्यूयॉर्कमध्ये अशी कपाटे तयार होत आणि बैठकीच्या खोलीत ठेवली जात. बिडल यांनी तसाच एक नग विकतही घेतला. युद्धाच्या धामधुमीत स्पेनमध्ये घेतलेली पेटी न्यूयॉर्कच्या बनावटीची कशी, याला उत्तर नव्हते.

दुसरा टप्पा जुलै २०२१ चा. ‘इनपुट’ या नियतकालिकाशी बोलताना मॅनिसने सरळ सांगून टाकले की, डिब्बुक बॉक्सची कथा त्याने स्वतः रचली होती. आपण लेखक आहोत आणि ही आपली निर्मिती आहे, अशी त्याची भूमिका. गंमत म्हणजे त्यानंतर तीनच महिन्यांनी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, इमरान हाश्मीचा ‘डिब्बुक’ हा हिंदी चित्रपट ओटीटीवर आला. २०१७ च्या ‘एझ्रा’ या मल्याळम चित्रपटाचा तो रिमेक. त्यातही नवे जोडपे, घरात आणलेली जुनी ज्यू पेटी आणि आतला आत्मा, असाच मामला आहे. पेटीची कल्पना जिथून निघाली तिथे ती मोडीत निघाली होती, आपल्याकडे मात्र तिचा नुकताच प्रीमियर झाला.

भुताची गोष्ट रचण्यात वाईट काही नाही. ती रचूनच सांगायची असते. इथे खटकते ते वेगळेच. छळछावणीतून वाचलेली, सगळे कुटुंब गमावलेली एक स्त्री या कथेत आहे ती केवळ पेटीची किंमत वाढवण्यासाठी. तिच्यासारखे आयुष्य खरोखर जगलेली माणसे होती, काही आजही आहेत, आणि त्यांच्याविरुद्ध ‘हे सगळे बनावट’ म्हणणारेही आहेत. अशा वेळी बनावट साक्षीदार तयार करणे ही नुसती गंमत राहत नाही.

पण मालकांना आजार झाले, त्याचे काय?

हॅक्सटन किंवा तो विद्यार्थी खोटे बोलत होते, असे मानण्याचे कारण नाही. पेटी हाती येण्यापूर्वी त्यांनी जाहिरात वाचलेली होती. कोणती लक्षणे शोधायची याची यादीच जणू सोबत आली होती. त्यानंतर दिवा गेला तर तो पेटीमुळे, सर्दी झाली तर तीही पेटीमुळे. पेटी नसताना वर्षभरात किती दिवे गेले होते, हे कोणी मोजलेले नसते. २०१८ मध्ये पोस्ट मलोन हा गायक संग्रहालयात या पेटीजवळ गेला. पुढे त्याच्या विमानाचे टायर फुटले, नंतर मोटारीला अपघात झाला. लगेच शापाच्या बातम्या झाल्या. रोज तिकीट काढून पेटी बघून सुखरूप घरी जाणाऱ्यांची बातमी होत नाही, होऊही शकत नाही.

गोष्टीमुळे वस्तूची किंमत किती वाढते?

याचे उत्तर एका प्रयोगाने चक्क आकड्यांत दिले आहे. २००९ मध्ये रॉब वॉकर आणि जोशुआ ग्लेन या अमेरिकी लेखकांनी भंगार आणि जुन्या बाजारातून किरकोळ वस्तू गोळा केल्या. एकूण खर्च १२८.७४ डॉलर. प्रत्येक वस्तूवर एकेका लेखकाकडून कथा लिहून घेतली आणि कथेसह ती ‘ई-बे’वर टाकली. कथा काल्पनिक आहे, हेही स्पष्ट केले. जमा झाले ३,६१२.५१ डॉलर, म्हणजे खर्चाच्या २८ पट. मॅनिसच्या आणि या प्रयोगात फरक एवढाच की, इथे ग्राहकाला आपण कशाचे पैसे मोजतोय हे माहीत होते.

‘ई-बे’ने २०१२ मध्ये जादूटोणा, शाप, मंत्र यांसारख्या ‘अदृश्य’ गोष्टींची विक्री बंद केली. अशा व्यवहारांतले तंटे सोडवणे अवघड जाते, हे त्यामागचे कारण. ते सहाजिकच म्हणायचे. भूत निघालेच नाही म्हणून पैसे परत मागणाऱ्या ग्राहकाला कंपनी काय उत्तर देणार? मात्र बाहुली, पेटी, आरसा अशी प्रत्यक्ष वस्तू असेल तर ती विकता येते, आणि वर्णनात बाकीचे सगळे येतेच.

अशी आणखी उदाहरणे आहेत का?

भरपूर. त्यातली दोन सांगण्यासारखी. इंग्लंडमधल्या थर्स्क गावच्या संग्रहालयात एक लाकडी खुर्ची जमिनीपासून पाच फूट उंच भिंतीवर टांगलेली आहे. सासऱ्याच्या खुनासाठी १७०२ मध्ये फासावर गेलेल्या थॉमस बझ्बीने मरण्यापूर्वी तिला शाप दिला आणि तिच्यावर बसणारा मरतो, अशी आख्यायिका. ती ज्या खानावळीत होती, तिच्या मालकाने १९७८ मध्ये ती संग्रहालयाला दिली, तीही कोणालाही बसू द्यायचे नाही या अटीवर. फर्निचरचे इतिहासकार ॲडम बोवेट यांनी ती तपासली. खुर्चीच्या दांड्या यंत्रावर कातलेल्या निघाल्या. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हे काम पायाने चालवायच्या लेथवर होत असे. खुर्ची साधारण १८४० ची, म्हणजे शाप देणारा गेल्यावर १३८ वर्षांनी जन्मलेली. ती आजही भिंतीवरच आहे.

दुसरे ‘रडणाऱ्या मुला’चे चित्र. १९८५ मध्ये ब्रिटनच्या ‘द सन’ने बातमी दिली की, जळालेल्या घरांमध्ये या मुलाचे छापील चित्र तेवढे शाबूत सापडते. वाचकांनी हजारो चित्रे पाठवून दिली आणि वृत्तपत्राने त्यांची होळी केली. २०१० मध्ये बीबीसी रेडिओच्या एका कार्यक्रमासाठी इमारत संशोधन केंद्रात हे चित्र मुद्दाम पेटवून पाहण्यात आले. चित्र दाबलेल्या लाकडी बोर्डावर छापलेले, वर आग रोखणारे व्हार्निश. आगीत आधी टांगायची दोरी जळते, चित्र पालथे जमिनीवर पडते आणि बचावते.

घरातली जुनी वस्तू ‘वागते’ ती कशामुळे?

पुण्याच्या जुन्या बाजारातून किंवा मुंबईच्या चोर बाजारातून शिसवी कपाट आणणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही : रात्री कपाट कडकडते. लाकूड हवेतली आर्द्रता शोषते आणि सोडते, त्याबरोबर ते रेषांच्या आडव्या दिशेने फुगते आणि आकसते. सांध्यांमध्ये ताण साठतो आणि रात्री तापमान उतरले की तो एकदम सुटतो. दिवसाही तो सुटतच असतो, गोंगाटात ऐकू येत नाही एवढेच. वासाचेही तसेच. जुन्या लाकडात मुरलेले वास दमट हवेत पुन्हा बाहेर येतात, म्हणून पावसाळ्यात आजीचा पेटारा उघडला की पन्नास वर्षांपूर्वीचा कापूर दरवळतो.

लंबकाच्या घड्याळाचे कोडे तर घरोघरी सांगितले जाते : आजोबा गेले आणि घड्याळ थांबले. लंबकाचे घड्याळ किंचित कललेले असले तरी थांबते. उष्णतेने पोलादी लंबक लांबतो आणि तापमान १० अंशांनी वाढले तर ते दिवसाला सुमारे ५ सेकंद मागे पडते. पण बहुतेक घरांत खरे कारण याहून साधे असते. आठवड्याला चावी देणारे आजोबाच असत.

काही वेळा कारण वस्तूत नसून खोलीत असते. कॉव्हेन्ट्रीतले अभियंता विक टँडी यांना त्यांच्या प्रयोगशाळेत अस्वस्थ वाटे, एकदा तर डोळ्यांच्या कडेला राखाडी आकृती दिसली. दुसऱ्या दिवशी शिकंजात पकडलेले तलवारीचे पाते आपोआप थरथरू लागले, तेव्हा त्यांनी मोजमाप केले. नव्याने बसवलेला एक्झॉस्ट पंखा सुमारे १९ हर्ट्झचा, म्हणजे माणसाला ऐकू न येणारा ध्वनी निर्माण करत होता. १९९८ मध्ये हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पंख्याच्या बसवणीत बदल केला आणि भूत गेले. अर्थात हा एका खोलीचा निष्कर्ष आहे. झपाटलेल्या प्रत्येक घराला तो लावता येत नाही.

कार्बन मोनॉक्साइडचे उदाहरण जास्त गंभीर आहे. १९२१ मध्ये अमेरिकी नेत्रतज्ज्ञ विल्यम विल्मर यांनी एका कुटुंबाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. जुन्या घरात राहायला गेल्यावर त्यांना पावलांचे आवाज येत, माणसे दिसत, डोके दुखे, घरातली झाडे मरत. भट्टीतून गळणारा वायू हे कारण निघाले. या वायूला रंग नाही, वास नाही. आपल्याकडे बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरमुळे दगावण्याच्या घटना घडतात, त्यामागे हाच वायू असतो. एखाद्या घरात शिरले की सगळ्यांचे डोके जड होत असेल, तर मांत्रिकाआधी खिडकी उघडावी आणि गॅसची जोडणी तपासून घ्यावी.

जुन्या वस्तूंना घाबरावे असे काहीच नाही का?

आहे, पण ते वेगळे. चांदीचा मुलामा रूढ होण्यापूर्वीचे आरसे कथील आणि पाऱ्याचे असत. जस्टस लिबिग यांनी चांदीची पद्धत १८३५ मध्ये शोधली, तरी जुनी पद्धत पुढेही बरीच वर्षे चालू होती. असा आरसा जुना झाला की चौकटीच्या तळाशी पाऱ्याचे थेंब साठू शकतात. अंधारात चमकणारे आकडे असलेल्या जुन्या गजराच्या घड्याळांत रेडियमचा रंग असे. आज ते चमकत नाहीत, म्हणून निर्धोक समजले जातात. प्रत्यक्षात निकामी होतो तो चमकणारा पदार्थ. रेडियमचे अर्धायुष्य १,६०० वर्षे आहे. अशा घड्याळाची काच उघडून तबकडी खरवडू नये. जुन्या रंगवलेल्या पाळण्याच्या, खेळण्याच्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते आणि लहान मुले ती वस्तू तोंडात घालतात. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपी हिरव्या रंगांत तर आर्सेनिक असे.

एक कायदेशीर बाबही लक्षात ठेवण्यासारखी. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यानुसार ऐतिहासिक किंवा कलात्मक महत्त्वाची, किमान १०० वर्षे जुनी वस्तू ‘पुरावशेष’ ठरते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या नातेवाइकाला वाड्यातली जुनी मूर्ती धाडण्यापूर्वी ही चौकशी करणे गरजेचे आहे.

महाराष्ट्रातला जादूटोणाविरोधी कायदा काय म्हणतो?

२०१३ चा हा कायदा एखाद्या वस्तूत भूत आहे असे मानण्याला गुन्हा ठरवत नाही. गुन्हा सुरू होतो तो पुढे : भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, चटके, अघोरी उपचार, चमत्काराचा दावा करून फसवणूक आणि पैशांची लूट, भुताची भीती घालून वैद्यकीय उपचार रोखणे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षे कारावास आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड. कायद्यात दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे, त्यामुळे तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात करता येते. व्यवहारात घडते ते असे की, घरात कोणी आजारी पडले की ‘ती जुनी वस्तू आणली तेव्हापासून’ हे वाक्य येते, मग ती वस्तू काढून टाकण्याचा विधी सुचवला जातो आणि विधीची रक्कम वस्तूच्या किमतीपेक्षा जास्त निघते. कधी वस्तूही सुचवणाऱ्याच्याच घरी जाते.

पुण्यातले राजा दिनकर केळकर संग्रहालय अशाच वस्तूंनी भरलेले आहे : अडकित्ते, दिवे, फण्या, दौती, पेटारे. या वस्तू वापरणारी माणसे केव्हाच गेली. दिनकर केळकर यांनी गावोगाव फिरून हा संग्रह जमवला आणि संग्रहालयाला आपल्या अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे नाव दिले. तिथे कुठल्याही वस्तूखाली शापाची पाटी नाही. लास वेगासला डिब्बुक बॉक्स बघायला जाणाऱ्याकडून मात्र आत सोडण्यापूर्वी जबाबदारी नाकारणाऱ्या कागदावर सही घेतली जाते.